शाफ्टचे क्रॉस आणि रुमालाखालचा हात

माझ्या पिकअपला आवाज नव्हता. हे मी नेकनूरच्या बाजारात सांगितलं, चौसाळ्याच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, घरात बायकोला सांगितलं, आणि एकदा तर कुणी काही विचारलेलं नसताना डिझेल भरणाऱ्या माणसालाही सांगितलं. तो बिचारा नळी हातात धरून म्हणाला, "मी कुठं काय म्हणलो, मालक?"

म्हणाला नव्हता. पण दिवसच असे होते की समोरचा माणूस गप्प बसला तरी मला वाटायचं, हा आवाज ऐकतोय.

हे सगळं माझ्या साडूमुळे झालं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पूर्वी तो ट्रकवर ड्रायव्हर होता, लांब लांब फिरून आला. गुडघे गेल्यावर घरी बसला आणि तेव्हापासून दुसऱ्यांच्या गाड्या ऐकतो. दारावरून कुणाची गाडी गेली की खाटेवरून न उठता निकाल देतो, "याचं बेअरिंग गेलं," "त्याचा सायलेन्सर फुटला." लोक माना डोलावतात. बायको हाक मारते तेव्हा हे कान कुठं जातात, असं त्याला कुणी विचारत नाही.

त्यानं माझा सौदा मोडला. कसा मोडला ते नीट सांगतो, कारण पुढं बऱ्याच जणांनी मलाच ऐकवलं की एवढ्याशा गोष्टीवरून कुणी साडूशी बोलणं सोडतं का.

आमच्याकडे शेळ्यामेंढ्यांचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटांनी भाव चालतो. कुठलं बोट धरलं, किती बोटं धरली, दाबली की सोडली, यावरून आकडा कळतो. भोवती अर्धा बाजार उभा असला तरी आकडा दोघांतच राहतो. वर तोंडानं घरच्यांच्या तब्येतीची चौकशी करायची आणि खाली बोटांनी भांडायचं. मी दुसऱ्यांच्या शेळ्या राखत होतो तेव्हापासून हे बघत आलो. शाळेत फार टिकलो नाही, पण रुमालाखाली मला आजवर कुणी फसवलेलं नाही. समोरच्याचं बोट थरथरलं की गडी कच्चा आहे हे कळतं. तळहात ओला लागला की याला आज जनावर विकूनच घरी जायचंय हे कळतं. राखणीच्या शेळ्यांपासून स्वतःच्या कळपापर्यंत आणि कळपापासून दारातल्या पिकअपपर्यंत मी आलो तो या उजव्या हातावर. वडिलांनी मला काठी दिली होती, बाकी सगळं माझं मी मिळवलं.

या सगळ्या व्यवहाराला एकच कायदा आहे. रुमालाखाली हात असताना तिसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. जनावर लंगडं असो, नाहीतर त्याला खरूज असो, ज्याचं त्यानं बघून घ्यायचं. तुम्हाला काही सांगायचं असेल तर हात धरण्याआधी सांगा, नाहीतर हात सुटल्यावर सांगा. मधे बोलणारा माणूस बापाचा भाऊ असला तरी बाजार त्याला माणसांत धरत नाही.

मला मोठी गाडी घ्यायची होती म्हणून पिकअप विकायला काढली. तलवाड्याचा एक शेळ्यांचा व्यापारी ती बघायला नेकनूरच्या बाजारात आला. उंच, सावळा आणि फार कमी बोलणारा माणूस. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, टायरला लाथ मारली, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता खांद्यावरचा रुमाल काढला. मीही हात पुढं केला. गाडीचा सौदा काही लोक कागदावर, काही फोनवर करतात. आम्ही दोघंही जनावरांत वाढलेले, आम्हाला हीच रीत ठाऊक. बोटं चालली. तो एका जागी अडला, मी एका जागी अडलो. मग त्याचं बोट हळूच वर सरकलं. माझ्या मनातल्या आकड्याला ते टेकणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाव्हणं, क्लच सोडला की हिच्या खालून टक् वाजतंय हो. शाफ्टचे क्रॉस गेले असतील. बघून घ्या."

साडू बॉनेटवर हात ठेवून उभा होता. चेहऱ्यावर पुण्य केल्याचा भाव.

व्यापाऱ्याचं बोट माझ्या मुठीत होतं. ते सैल पडलं. ज्याच्या मुठीत दुसऱ्याचं बोट असं सैल पडलेलं नाही, त्याला हे दुःख समजणार नाही. त्यानं रुमाल झटकला, खांद्यावर टाकला, "बघू" म्हणाला आणि बोकडांच्या रांगेकडे निघून गेला.

त्या दिवसापासून मी साडूशी बोलणं सोडलं. त्यालाही ताठा कमी नाही, त्यानंही सोडलं. दोघी बहिणींना मात्र एकमेकींकडे जायचं असायचं, त्यामुळे आम्ही वरचेवर समोरासमोर बसायचो आणि बायकोच्या मार्फत बोलायचो.

"त्यांना म्हणावं, पाणी पाहिजे का," मी म्हणायचो.

"त्यांना म्हणावं, घरून पिऊनच आलोय," तो म्हणायचा.

बायको म्हणायची, "तुमा दोघांला पाणी नको, विहीर पाहिजे. ढकलायला."

मी तिला स्पष्ट सांगितलं होतं. ज्या दिवशी तो चारचौघांत म्हणेल की या गाडीला आवाज नाही, त्या दिवशी मी त्याच्याशी बोलेन. त्याआधी नाही.

आता प्रश्न उरला आवाजाचा. खरं सांगायचं तर गाडी चालू करून क्लच सोडला की खालून काहीतरी टक् म्हणायचं. मी त्याला आवाज म्हणत नव्हतो. जॅक हलत असेल, मागची साखळी आपटत असेल. मग मी साखळी काढून टाकली, जॅक पोत्यात गुंडाळला, तरी टक् होतंच. शेवटी मागच्या कडीला एक घुंगरमाळ बांधली. आता गाडी निघाली की लग्नाला निघाल्यासारखी छुमछुम वाजायची आणि टक् त्यात बुडून जायचं. लोक विचारायचे, "कावून बांधली?" मी म्हणायचो, "हौस."

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एक दिवस तलवाड्याच्या व्यापाऱ्याचाच फोन आला. त्याला दुसरीकडे मनासारखी गाडी मिळाली नव्हती.

"तुमची गाडी मनात हाय," तो म्हणाला. "येत्या बाजारी या. पण तुमचे साडू गाडीत बसतील. ते म्हणले आवाज न्हाई, तर रुमाल टाकू."

माझं डोकं सणकलं. माझ्या गाडीचा निकाल त्यानं द्यायचा? मी फोनवर ओरडलो, "आणा त्याला. पालखीत बसवून आणा."

फोन ठेवल्यावर बायकोनं शांतपणे विचारलं, "आन् टक्चं काय करायचं?"

"कसलं टक्?"

 तिनं जीभ टाळूला लावून नुसता आवाज काढला. हुबेहूब.

गाडी चौसाळ्याच्या गॅरेजात न्यावी तर तिथं दिवसभर रिकामटेकडी माणसं बसलेली असतात आणि त्यांतला निम्मा वेळ तिथं साडूच बसलेला असतो. गाडी जॅकवर चढण्याआधी बातमी त्याच्या घरी पोचली असती. म्हणून मी ठरवलं, काम घरीच करायचं. मागं शेळ्यांच्या शेडमध्ये गाडी घ्यायची, पुढं ताडपत्री सोडायची, आणि आपल्या हातानं क्रॉस बदलायचे. मधे काही दिवस टेम्पोवर कामाला होतो तेव्हा दुसऱ्याला करताना एकदा बघितलं होतं. जो माणूस अडलेल्या शेळीचं करडू आडवं असताना सरळ करून काढतो, त्याला लोखंडाचं काय भय?

क्रॉस घ्यायला मी बीडला गेलो. ओळखीचं दुकान टाळून दुसरीकडे शिरलो.

"कुणाच्या गाडीचे?" दुकानदारानं विचारलं. चष्मा कपाळावर चढवलेला, काउंटरवर चहा.

"पाव्हण्याच्या."

"आवाज येतो का?"

"पाव्हण्याला येतो."

"दोन्ही बदला. एक जुना ठेवला की नव्याला खातो."

"पाव्हणा एकच बदलतो म्हणतोय."

"मग पाव्हण्याला घेऊन या."

दोन्ही घेतले. भावात तो हलेना, मीही हलेना. मी तीनदा उठलो, दोनदा पायरी उतरलो, एकदा तर रस्त्यापलीकडे जाऊन रसवंतीच्या सावलीत उभा राहिलो आणि तो हाक मारतो का ते बघितलं. त्यानं मारली नाही. परत आत गेलो तर म्हणाला, "रस पिऊन घ्यायचा की." शेवटी पूर्ण भावात घेतले, पण ग्रीसची पुडी आणि हात पुसायला कापड फुकट काढलं. दुकानदाराला वाटलं तो जिंकला. वाटू द्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेळ्या चरायला बाहेर होत्या तेव्हा मी ताडपत्री सोडली. पुढच्या चाकांना धोंडे लावले, मागची बाजू जॅकवर उचलून खाली ठोकळे दिले, आणि पाठीखाली पोतं घेऊन आत सरकलो. वर बघितलं तर तो शाफ्ट दिसला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडाचे दोन दोन कान असतात आणि त्या कानांत अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस बसलेला असतो. गाडी खड्ड्यात वरखाली झाली तरी या क्रॉसमुळे दांडा वाकडातिकडा होऊन फिरत राहतो. मी दांडा हातानं हलवला.

टक्.

बायको बाहेर नट खोलायचे पाने घेऊन बसली होती. म्हणाली, "साखळी वाटतं."

शाफ्ट खोलण्याआधी कुठला भाग कुठं होता याची खूण करायची असते, एवढं मला ठाऊक होतं. खूण कशानं करायची? आमच्या घरात खुणेला एकच वस्तू. बाजारात शेळ्या विकत घेतल्या की दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून आम्ही त्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढतो. माझा पट्टा नेकनूरच्या बाजारात सगळे ओळखतात. तोच डबा आणून मी दांड्यावर दोन्हीकडे पट्टे ओढले. बायको म्हणाली, "आता चोरीला गेला तरी वळखू यील."

नट गंजलेले होते. एकेकाला शिव्या दिल्याशिवाय हलेनात. एक नट सुटला तेव्हा पाना निसटून माझ्या कपाळावर बसला. दांडा खाली उतरवला आणि उन्हात आणून बघितला. मागच्या क्रॉसमधून लाल भुकटी गळत होती. आतलं ग्रीस कधीच आटलं होतं. क्रॉसच्या चारही टोकांना छोट्या टोप्या असतात, त्यांना कप म्हणतात, आणि कपाच्या आत बारीक सुया असतात. त्या सुयांची पूड झाली होती. साडूचं निदान बरोबर होतं. म्हणून त्यानं ते मधे बोलावं असं होत नाही.

कप दाबून बाहेर काढायला लोखंडी शिकंजा लागतो, तो माझ्याकडे नव्हता. मग खाली पान्याची मोठी पोकळ गोटी ठेवून वरून दुसऱ्या कपावर ठोकायचं असतं. ठोकायला बरोबर त्या जाडीचं काहीतरी पाहिजे. मी सगळं घर धुंडाळलं आणि स्वयंपाकघरात मला ते मिळालं. खलबत्त्यातला बत्ता.

"त्याला हात लावायचा न्हाई," बायको म्हणाली. "माझ्या आईनं दिलेला हाय."

"आईनं दिलेला, जावई वापरायलाय. पाच मिनिटं."

मी ठोकायला लागलो तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे तिची बहीण. म्हणजे साडूची बायको. मी हातोडा वर धरून थांबलो.

"काय न्हाई गं, बसलेय," बायको म्हणाली. "तू काय करायलीस?"

कप अर्धा बाहेर आला होता. हात दुखायला लागला. मी हळूच एक ठोका मारला.

"कशाचा आवाज? मिरच्या कुटायलेय."

मी आणखी दोन मारले.

"व्हय, लई वाळल्यात." तिनं माझ्याकडे बघितलं. "कडक हायत. डोक्यानं पन कडकच."

कप सुटला आणि टणकन दगडावर आपटला. बायको फोनवर म्हणाली, "हं, फुटली एक."

जुने क्रॉस निघाले. मग मी सगळे सुटे भाग डिझेलमध्ये घासून घासून धुतले. मला काम स्वच्छ लागतं. जनावर असो की लोखंड, बाजारात नेण्याआधी मी धुतो. इतकं धुतलं की दांडा नव्यासारखा दिसायला लागला. नव्यासारखा म्हणजे, त्यावर लाल पट्टाही उरला नाही. शेळीच्या अंगावर दोन पावसाळे टिकणारा रंग डिझेलमध्ये सरबतासारखा विरघळला होता. मी डब्यातल्या गुलाबी डिझेलकडे बघत बसलो.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"काही नाही. माझ्या ध्यानात आहे."

नवे क्रॉस बसवताना वेगळीच तऱ्हा. तीन कप गोडीनं आत गेले, चौथा जाईना. ठोकलं, बत्ता धरून ठोकलं, दात ओठ खाऊन ठोकलं, तरी कप शेवटच्या कडेला अडायचा आणि त्याला धरून ठेवणारी लॉकची रिंग खाचेत बसेना. रागानं मी हातोडा शेडच्या पत्र्यावर फेकला. आत राहिलेली एक गाभण शेळी दचकून ओरडली. बायकोनं कप माझ्या हातातून घेतला, आत डोकावली आणि केसांतल्या आकड्यानं तळाशी आडवी पडलेली एक सुई उभी केली.

"एकच आडवी झालती," ती म्हणाली. "बाकीच्या समद्या शहाण्या हायत. आपल्या घरात कसं असतं, तसंच."

कप बसला. रिंग टिचकन खाचेत गेली. ग्रीस भरलं, दांडा वर चढवला, नट आवळले. ती शेळी मात्र तेवढ्यात ताडपत्रीखाली येऊन क्रॉसचं खोकं खाऊन गेली, त्यामुळे पुरावाही उरला नाही.

संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही दोघं गाडी घेऊन नेकनूरच्या रस्त्याला निघालो. घुंगरमाळ मी काढून ठेवली होती. क्लच सोडला. टक् नाही. पुन्हा सोडला. नाही. मी बायकोकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही, पण ती म्हणाली, "आता सायबासारखं बसू नका, रस्त्याकडं बघा."

मग मी वेग वाढवला आणि गाडी थरथरायला लागली. ऐन थंडीत कातरलेली मेंढी जशी अंगभर कापते, तशी. स्टेअरिंग कापतंय, सीट कापतंय, आरसा कापतोय, बायकोच्या बांगड्या आपोआप वाजायलेत. वेग कमी केला की थांबायची, वाढवला की पुन्हा सुरू.

"आवाज तर गेला," ती दात वाजत असताना म्हणाली. "आता थंडी भरलीया."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. ठेच्याला ग्रीसचा वास येत होता हेही एक कारण, पण बोललो नाही. बाजार परवावर आला होता. टक् गेलं आणि थरथर आली, तर साडू बॉनेटवर हात ठेवून काय म्हणेल ते मला जागेपणी ऐकू येत होतं.

सकाळी शेळ्या सोडायच्या आधी मी नेहमीसारखा एकेकीकडे बघत उभा होतो. जनावर बघताना मी आधी कान बघतो, मग दात. निरोगी शेळीचे दोन्ही कान सारखे पडतात. एक इकडे, एक तिकडे असले तर आत काहीतरी बिघडलंय. हे मी आजवर शंभर जणांना शिकवलंय. आणि तसाच उभा असताना मला तो दांडा आठवला. तडक पोतं घेतलं आणि गाडीखाली शिरलो. दांड्याच्या एका टोकाचे लोखंडी कान उभे होते आणि दुसऱ्या टोकाचे आडवे. दांडा मधे दोन तुकड्यांचा असतो, दातांवर एकात एक सरकणारा. खूण पुसली गेल्यावर मी "ध्यानात आहे" म्हणत तो भलत्याच दातात बसवला होता.

गाडीखालूनच मी हसायला लागलो. बायको धावत आली. तिला वाटलं जॅक निसटला.

दांडा पुन्हा उतरवला, फिरवून दोन्ही टोकांचे कान एका रेषेत आणले, पुन्हा चढवला. या वेळी खूण छिन्नीनं मारली. फेरी मारली. गाडी तेलावरून सरकल्यासारखी गेली. मला जन्मात पहिल्यांदा माझ्या पिकअपचं इंजिन नुसतं ऐकू आलं, आणि बायको शेजारी बसून काहीतरी सांगत होती तेही ऐकू आलं. म्हणजे इतके दिवस ती काय काय सांगत होती ते राहूनच गेलं होतं. तिच्या मते त्याला टक् जबाबदार नव्हतं.

बाजाराच्या दिवशी व्यापारी आला. साडू बरोबर. तो धुतलेले कपडे घालून आला होता, कोर्टात साक्षीला आल्यासारखा. मी स्टेअरिंगला, व्यापारी मधे, साडू खिडकीला. निघालो.

"त्यांना म्हणा, रेडिओ बंद करा," साडू व्यापाऱ्याला म्हणाला.

"त्यांना म्हणा, रेडिओ कधीचाच बंद आहे," मी म्हणालो.

"मला काय पोष्टमन केलंय काय?" व्यापारी म्हणाला. एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला.

चौसाळ्याच्या दिशेनं गेलो. साडूनं मान खिडकीबाहेर काढली. कान खाली लावला. मला थांबायला लावलं, पुन्हा निघायला लावलं, चढावर, उतारावर, रिव्हर्समध्ये. अर्थात व्यापाऱ्याच्या मार्फत. मी मुद्दाम क्लच फाटकन सोडत होतो. काही नाही. साडूच्या कपाळावर आठी चढली. वैद्याला नाडी सापडत नाही तेव्हा चढते तशी. शेवटी तो खाली उतरला, गुडघे धरत वाकला, गाडीखाली डोकावला. नव्या क्रॉसवरचं ग्रीस तिथं चमकत होतं. ते त्याला दिसलंच. वर आला तेव्हा त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, आता हा बोलणार. बोलला नाही. मुकाट्यानं आत बसला.

"काय?" व्यापाऱ्यानं विचारलं.

"चला बाजारात," साडू म्हणाला.

म्हणजे 'आवाज नाही' असं म्हणायला तो तयार नव्हता आणि 'आहे' असं म्हणायला जागा नव्हती. मी मनात म्हणालो, लेका, किती वेळ गिळून बसशील.

बाजारात पोचलो. व्यापाऱ्यानं आणखी विचारलं नाही. गाडी त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकली होती. त्यानं रुमाल काढला. मी हात दिला. माणसं गोळा झाली. बोटं चालली. तो मागच्या वेळेपेक्षा खालून सुरू झाला, मी वरून. मी विचारलं, "घरी सगळे बरे?" तो म्हणाला, "बरे." खाली त्याचं बोट एक पायरी चढलं. मी म्हणालो, "चारापाणी?" तो म्हणाला, "हाय." आणखी एक पायरी. मग तो अडला. मीही अडलो. त्याचं बोट कोरडं होतं, पक्का गडी. पण माझ्या अंगठ्याखाली त्याची शीर उडत होती. आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणाऱ्याला बाजार देतो. त्याचं बोट सरकायला लागलं. सरकलं. माझ्या आकड्यावर येऊन टेकलंच.

"घेऊन टाका, पाव्हणं," मागून साडूचा आवाज आला. मोठ्यानं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. "गाडीला आवाज न्हाई. एक नंबर गाडी हाय."

ज्या शब्दांची मी इतके दिवस वाट बघत होतो, तेच शब्द. चारचौघांत. माझ्या बाजूनं. आणि व्यापाऱ्याचं बोट माझ्या मुठीत घट्ट झालं. फक्त मी 'हो' म्हणून दाबायचं होतं.

मी हात ओढून काढला. हाताबरोबर रुमालही आला.

"रुमालाखाली हात हाय, दिसत न्हाई का बे?" मी साडूवर ओरडलो. "मागच्या वेळी बी मधे तोंड घातलं, आज बी घातलंच. तिसऱ्यानं बोलायचं नसतं, एवढं कळत न्हाई का तुला?"

"आरं, मी चांगलं बोललो की तुझ्या गाडीला."

"चांगलं बोल न्हाई तर वाईट बोल. हात असताना बोलायचं न्हाई."

 मग हळूहळू माणसं हसायला लागली. हात एकदा सुटला की त्या दिवशी तोच सौदा पुन्हा धरत नाहीत, हीही रीतच आहे, आणि मी रीत मोडणारा नाही. व्यापाऱ्यानं माझ्या हातातून आपला रुमाल काढून घेतला, नीट घडी घातली, खांद्यावर टाकला. आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"मी दुसरी बघतो," तो म्हणाला. "गाडीला आवाज न्हाई, पण मालकाला लई हाय."

तो गेला. मी आणि साडू पिकअपजवळ उभे. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की साडू हसतोय. दात काढून, खांदे हलवत.

"काय झालं?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "आधी तू बोललास."

मग मात्र आम्ही बोललो. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं. बाजारापासून घरापर्यंत, सगळ्या वाटेवर, खिडक्या उघड्या ठेवून. त्यानं विचारलं, क्रॉस कुठून आणले, किती ग्रीस भरलं, कप कशानं ठोकले. बत्त्याचं ऐकल्यावर तो म्हणाला, म्हणून मिरच्या कुटायलेल्या. मी म्हणालो, मग तुला माहीत होतं तर. तो म्हणाला, मिरचीचा आवाज येगळा असतो.

दारात दोघी बहिणी उभ्या होत्या. आम्ही भांडत उतरलो ते बघून माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला. पण मग तिच्या लक्षात आलं की भांडणात ती मधे नाही. तिनं आत जाऊन चहा टाकला.

पिकअप अजून माझ्याकडेच आहे. मोठी गाडी राहिली. साडू आता बाजारी माझ्याबरोबर येतो, खिडकीला बसतो, आणि मी रुमालाखाली हात दिला की त्याला मी आधीच दूर, चहाच्या टपरीवर पाठवतो. झालं ते त्यानं चुकीचं केलं, असं मी अजून म्हणतो, आणि तो अजून म्हणत नाही.

परवा येताना त्यानं मान वाकडी केली आणि डाव्या दाराकडे कान दिला.

"काहीतरी कुई करायलंय," तो म्हणाला.

मला काही ऐकू आलं नाही. गाडी घरी आल्यावर मी ताडपत्री कुठं ठेवलीय ते बायकोला विचारलं, ते वेगळ्या कामासाठी.